धुऱ्यावरचा तरोटा

शेजाऱ्याच्या वावरात आज तणनाशक मारून राहिले. तो वास नाकात गेला, अन् म्या पहिल्यांदा पाठीवर पंप घेतला तो दिवस डोळ्यापुढं आला.

दर्यापूरकडची काळी जमीन, पायाले चिखल चिकटलेला. माझी बायको कपाशीत तण निंदत होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानचा तरोटा उगवला होता. निंदता निंदता त्याचा कोवळा पाला ती भाजीसाठी पदराच्या ओट्यात भरून राहिली होती. म्या ऐटीत म्हटलं, "ऊठ वं. आता तुले जन्मभर वाकाले नाई लागत."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "वावरात मारा जी, पण धुरा काहून जाळता? तरोटा मरते न."

"बाजारात काय भाज्या कमी हायेत?" म्हणत म्या धुराही झोडपला.

तिची कंबर वाचली, हे खोटं नाई. पण दरसाल मारत गेलो, माझं पाहून साऱ्या गावानं मारलं, अन् तरोटा गेला तो गेलाच. मागच्या पावसाळ्यात ती पोराकडं शहरात, राजापेठेत, अंथरुणाले खिळली. तोंडाले चव नव्हती. म्हणे, "एकदा तरोट्याची भाजी आणा जी." म्या गावचे सारे धुरे पालथे घातले, एक पान भेटलं नाई. शेवटी सुनेनं पालक केला.

दोन घास खाऊन ती हसली. "तुमच्या बाजारातली हाय वाटते."

आठ दिवसांनी ती गेली. लोक म्हणतात, सुधारणा झाली. झाली असन. माझ्याजवळ तिले द्याले मूठभर पाला राहिला नव्हता.