तळघरातला लाल पंखा

तुमची पोरं ज्या तळघरात अभ्यासाला बसतात, तिथला धूर ओढणारा पंखा खऱ्या आगीत चालेल का, हे तुम्ही कधी विचारलंय?

फुलचूरच्या आमच्या घरात पुस्तक उघडायला कोपरा नाही, म्हणून माझी धाकटी बहीण गोंदियात दुकानांखालच्या तळघरातल्या मुलींच्या एका अभ्यासिकेत जाते. तिथे खिडकी नाही. उद्घाटनाला मालकाने जिन्याजवळच्या लाल पंख्यासमोर अगरबत्त्यांचा जुडगा धरला. धूर झरकन बाहेर गेला. पालकांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

यंदा उन्हाळ्यात भरदुपारी तिथल्या एसीची वायर पेटली. आवाज अडवायला भिंतीवर लावलेला फोम धुमसू लागला. पंखा सुरू होता. पण कुणीतरी आपण सगळेच करतो ते केलं, मेन स्विच पाडला. पंखाही थांबला. त्याची वायर त्याच स्विचवरून आली होती! अंधारात, धुरात, एकमेकींच्या ओढण्या धरून पोरी वर आल्या. सगळ्या वाचल्या. बहिणीचा घसा अजून बसलेलाच आहे.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले. पंख्याची पाती वितळून लोंबत होती. प्लास्टिकची पाती. आपल्या घरोघरी असतो तो कूलरचा पंखा, उलटा बसवून लाल रंगवलेला.

मालक म्हणाला, "मॅडम, पंखा चालू था ना? टाळ्या तर तुम्हीच वाजवल्या."

"अगरबत्तीला वाजवल्या. आगीचा धूर तेवढाच थंड असतो का?"

"नवा लावून राहिलो ना, बिलकुल तसाच."

"तसाच?"

"मग काय रॉकेटचा लावू?"

रॉकेटचा नको. पाती पोलादाची हवीत. मोटर तापलेला धूर सोसणारी हवी, नाहीतर धुराच्या वाटेबाहेर. वायर आगीत टिकणारी, आणि मेन स्विच पाडला तरी वीज देणारी. यात न समजण्यासारखं काय आहे? त्याला समजतं. फक्त खाली त्याची पोरगी बसत नाही.

मी बुद्धविहारात माझ्या वडिलांसोबत पत्रकांच्या घड्या घालत वाढले. त्यातलं प्रत्येक पत्रक आम्हाला शिकायला सांगायचं. शिकायला गेलेल्या पोरींना धुरात कोंडा, असं एकातही नव्हतं.

बहीण बसक्या आवाजात म्हणते, "ताई, काऊन भांडून राहिली? त्यानं मला काढलं तर मी कुठं वाचू? परीक्षा येऊन राहिली." सोमवारी ती पुन्हा खाली उतरणार आहे, त्याच जिन्याने, तसल्याच पंख्याखाली.

मी पत्रक लिहून अभ्यासिकेच्या दारावर चिकटवलं. त्याने फाडलं. म्हणून तेच इथे लिहिते आहे.

उद्या तुमच्या पोरांसोबत तळघरात उतरा. पंखा लावायला सांगा, मग मेन स्विच पाडायला सांगा. पंखा थांबला तर पोरांची दप्तरं उचला, बाकीच्या पालकांना बोलवा, आणि तो बदलेपर्यंत जिन्यावर बसून राहा.