नमुना अपुरा

माझे सगळे घोळ मी स्वतःच मीठमसाला लावून सांगत फिरतो. साखरपुड्याला दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेलो होतो, तेसुद्धा. पण हा एक घोळ आजवर तोंडातून बाहेर पडलेला नाही. बायकोजवळ नाही, लॅबमध्ये तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? वैताग आलाय माझाच मला — एवढंच.

मुलुंडच्या एका रुग्णालयात तळमजल्यावर आमची लॅब. मी टेक्निशियन. गाठीतून सुईने काढलेले तुकडे — शेवयांचे बारीक तुकडे असावेत तसे — माझ्याकडे येतात. ते मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, म्हणजे झाला ब्लॉक. मग मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि मॅडमना, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टना, द्यायचे. मांडीतल्या-दंडातल्या गाठी मोठ्या छळवादी. पहिल्या काचेवर बघावं तर सगळ्या पेशी सारख्याच, लांबट. गाठ स्नायूतून उठलीय, मज्जातंतूतून, की आणखी कशातून? ते कळायला त्याच ब्लॉकचे आणखी काप काढून खास तपासण्या कराव्या लागतात. आणि ते कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत.

सुलभा मावशी विक्रोळीच्या, एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. मांडीत गाठ. मॅडमनी पहिली काच पाहिली आणि म्हणाल्या, "आणखी दहा काप दे. जपून हां, त्यात फार काही नाहीये."

जपून! आणि हे मला सांगायचं? इतकी वर्षं काय भाजी चिरत होतो मी?

आमच्या मशीनला दोन मापं असतात. जाड माप वरचं मेण खरवडायला, पातळ माप खऱ्या कापांना. मी ब्लॉक लावला, जाडवर ठेवून चाक फिरवायला लागलो — आणि शेजारच्या टेबलावरच्या नाईकला आमच्या नाहूरच्या सोसायटीच्या मीटिंगमधली माझी फजिती सांगायला घेतली. नकलांसकट. उजवा हात चाकावर, डावा हात सेक्रेटरीच्या भूमिकेत. नाईक पोट धरून हसत होता. मग काय, मी आणखी रंगलो.

गोष्ट संपली तेव्हा खाली पाहिलं. माप जाडवरच. ब्लॉकमध्ये नुसतं पांढरं मेण. मावशींची गाठ ट्रेमध्ये भुसा होऊन पडलेली.

तिथेच सांगितलं असतं तर? मॅडम कडाडल्या असत्या, आठवडाभर टोमणे मारले असते. संपलं असतं. पण मी ट्रे डब्यात रिकामा केला आणि जाऊन म्हणालो, "मॅडम, मुळातच कमी होतं." त्यांनी लगेच विश्वास ठेवला — पंचाईत झाली ती हीच! रिपोर्टवर आलं : नमुना अपुरा, पुन्हा बायोप्सी करावी.

एवढंच असतं तर कदाचित हेही कधीतरी हसत सांगून टाकलं असतं. पण थांबा.

दोन आठवडे गेले. मावशी पुन्हा टेबलावर, मी पुन्हा सुईतले तुकडे घ्यायची बाटली धरून बाजूला. त्या माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "माझोच पाय हललो असतलो, नाय रे? म्हणान कमी इला."

तुम्ही काय म्हणाला असतात? मी म्हणालो, "होतं असं, मावशी. आता हलू नका."

किती सहज आलं ते! त्या दगडासारख्या पडून राहिल्या. सुई चार वेळा आत गेली. त्यांनी ओठ दाबून धरले होते.

पुढे निदान झालं, ऑपरेशन झालं, मावशी आज ठीक आहेत. हे सांगून मी सुटायला बघतोय का? बघत असेन. पण मावशी सुटू देतात कुठे! दर तपासणीला आल्या की बाहेरच्या बाकावर एखाद्या घाबरलेल्या बाईला गाठून धीर देत बसतात. गेल्या महिन्यात मी दारातून जात होतो, तर मोठ्याने म्हणाल्या, "पाय हलवू नको गो बाय. मी हलवला, म्हणून दोनदा टोचून घ्यायला लागलं. विचार ह्याला."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. हो म्हणून.

पहिल्या वेळीही बाटली धरून मीच उभा होतो. मावशींचा पाय हलला नव्हता.