कानाने साप ओळखणारा

खर्रर्र… वाळलेल्या पळसाच्या पानांतून आलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आता तुमच्यापासून काय लपवू? तो ऐकून मी जे केलं, ते नातवंडांनाही सांगितलेलं नाही.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गडचिरोलीकडच्या भागाला तेव्हा चांदा जिल्हाच म्हणत. आमच्या जंगलातल्या गावांत रीत अशी, की मुलीसाठी द्यायला काही नसलं तर पोराने तिच्या बापाकडे दोन वर्षं राबायचं. काम पसंत पडलं की लग्न. मी मामाकडे राबत होतो, त्याच्या सोमीसाठी.

काम कसलं? नांगर माझ्या हातात सरळ चालत नसे. लाकडं फोडायला घेतली की कुऱ्हाडीचा दांडा मोडे. अशा वेळी माणूस काय करतो? बढाया मारतो. मी सांगून टाकलं, मला नुसत्या आवाजावरून साप ओळखता येतो. फुरसं अंगाला अंग घासून करवतीसारखं करकरतं, एवढंच कुठेतरी ऐकलं होतं. पुढे एकदा तेंदूची पानं तोडताना झुडपात सळसळलं. मी म्हणालो धामण, आणि निघालीही धामणच. झालं, मामा गावभर सांगत सुटला.

पेरणीच्या तोंडावर त्याने मला ढोलीतून, म्हणजे बांबूच्या कणगीतून, बियाण्याचं धान काढायला पाठवलं. ढोलीमागे पत्रावळीसाठी पळसाची पानं रचलेली होती. त्यांतून आवाज आला.

फुरसं! मी सगळ्यांना अंगणात काढलं. शेजारीपाजारी जमले. फुरसं चावल्यावर माणूस किती घटका जगतो, हेही मी त्यांना समजावून सांगितलं.

मामा हळूच म्हणाला, "अरे बाबू, त्या पानाईत आपली धामण रायते. उंदरं खाते थे. शेपटी पानावर हालवली का असाच आवाज येते."

इथे थांबायला हवं होतं की नाही? पण सोमी बघत होती.

"मामा, तुमी बाजूले व्हा. कान माहे हायेत."

लाठी उचलून ढोलीपाशी गेलो, डोळे मिटले आणि हाणली. बसली ढोलीवर. बांबू फाटला, धान भसाभस पायांवर आलं आणि त्यातून पुरुषभर लांब धामण सावकाश निघून गेली. फुरसं हो, हातभर असतं! तेवढ्यात माझ्या टाचेत काहीतरी घुसलं.

चावलं, म्हणून मी धानातच आडवा झालो. मरणाऱ्याने खोटं बोलू नये, म्हणून सगळं कबूल केलं. सापातलं मला काही कळत नाही. तेंदूच्या वेळी धामणीची शेपटी आधीच दिसली होती.

"सोमीले चांगल्या पोराले द्या, मामा. नांगर हाकनाऱ्या."

मामीने रडायला सुरुवात केली. सोमी आली, माझा पाय मांडीवर घेतला, टाच दाबली आणि बांबूची बोटभर काडी ओढून काढली.

"मंग मी मरत नाई का?" मी विचारलं.

मामा फाटलेल्या ढोलीकडे बघत होता. म्हणाला, "दोन वरसात नाई भागत हे. तिसरंबी राबा लागन."

सोमीने ती काडी माझ्या एका हातावर ठेवली, दुसऱ्या हातात केरसुणी दिली आणि सांडलेल्या धानाकडे बोट दाखवून निघून गेली.