बादलमागे घाटोघाट

बैलगाडा शर्यती बघायला जुन्नर-आंबेगावकडे यायचंय, कुठून सुरुवात करू, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना घाट सांगतो, जीप सांगतो, भेळ कुठली खायची तेही सांगतो. उसातल्या रस्त्याचं मात्र आजवर टाळत आलो. आता लिहायलाच बसलोय, तर सगळंच लिहितो.

मी नारायणगावचा. पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. पणजोबा मारवाडातून आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं आणि मी बैलगाड्यांचा नादी. त्यातून जन्माचा भित्रा. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की मी डोळे मिटून घ्यायचो, ओरडायचो मात्र सगळ्यांच्या वरताण.

नवख्यांसाठी सांगतो. घाट म्हणजे शर्यतीची चढाची वाट. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, पुढे घोडी पळते, गाड्यावर कुणी बसत नाही. खालची गर्दी एकदम आरोळी ठोकते आणि त्या आवाजावर बैल उधळतात. वर, निशाणाच्या पलीकडे, मालकमंडळी गप्प उभी असतात. तिथे आवाज सरला की शिकवलेला बैल आपोआप थांबतो.

बिबट्यांनी आमच्या तालुक्याची झोप उडवली होती, त्या वर्षांतला तो हंगाम. डिंगोऱ्याचा बबन आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याचा बैल एकच, बादल. बाकीचे तीन पैऱ्याचे, म्हणजे दुसऱ्या मालकांचे, शर्यतीपुरते एकत्र जुंपलेले. "शेठ, पेठंत बसून काय घाट कळतुय व्हय? चला माझ्यासंगं," तो म्हणाला आणि मी दुकान धाकट्या भावावर टाकून निघालो.

निघताना बबनच्या बायकोने, सिंधूवहिनींनी, मला गोठ्याशी गाठलं. "शेठ, ह्यांना कासरा मनगटाला गुंडाळायची खोड हाय. बैल उधळला तर हात उपटून न्हेईल. तेवढं ध्यान ठिवा. दुसरं कायबी मागत न्हाई मी."

मी हो म्हणालो. वहिनींनी राखणदार निवडला तोही माझ्यासारखा भित्रा, याचं त्या क्षणी मलाच हसू आलं.

पहिला मुक्काम लेण्याद्री. बादलला टेम्पोत ठेवून आम्ही पायऱ्या चढलो, गिरिजात्मजापुढे नारळ ठेवला. दर्शनाला सकाळीच जा, उन्हात दगड तापतो. मग ओतूरकडचे घाट, मग मंचरच्या अंगाचे. यात्रेतली गोडीशेव कागदाच्या पुडीतच खावी आणि भेळ तिखट मागावी. टेम्पोत जागा नसली की मी जीपने मागून जायचो. भाडं फार नसतं, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि टपावर बसायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

अशाच एका जीपमध्ये पुढच्या सीटवरचे म्हातारबा शेजाऱ्याला सांगत होते, "काल आमच्या वस्तीवरनं कुत्रं उचाललं."

"कुत्रंच ना? मग बरं."

कुणी हसलं नाही. बिबटे उसातच दडतात, म्हणून त्या दिवसापासून दुतर्फा ऊस लागला की मी खिडकीपासून आत सरकायचो. प्रत्येक घाटावर मी बबनच्या मनगटाकडे बघायचो, तो वेढे घालायचा, मी टोकायचो, तो सोडायचा. "शेठ, तुमी आमच्या हिच्यापेक्षा जास्त भेता राव," म्हणायचा.

घोडेगावच्या पुढचा घाट बादलने मारला. परतताना आडरस्त्यावर टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हर मिस्त्री आणायला मागे गेला आणि आम्ही ठरवलं की बैल उतरवून चालत पुढची वस्ती गाठायची. आम्ही जैन दिवस मावळल्यावर खात नाही, म्हणून मी बुडत्या सूर्याकडे बघत घाईघाईने खाकरे तोंडात कोंबत चाललो होतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. बबन पुढे, बादल मधे, मी मागे. अंधारून आलं तसा मला त्याचा हात दिसेनासा झाला.

बादल थबकला. त्याने नाक वर केलं. डावीकडच्या उसात पाचट वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मग बांधावर तो दिसला. बसलेला, आमच्याकडे तोंड करून.

"वरडा शेठ! वरडा!" बबन किंचाळला. बिबट्या दिसला की आरडाओरडा करायचा, हे गावोगाव पोराबाळांना पाठ झालेलं. आम्ही दोघे जिवाच्या आकांताने ओरडलो. घाटात ओरडतो तसेच, कारण आम्हाला दुसरं ओरडणं येतच नव्हतं.

आणि बादल सुटला.

जन्मभर त्याला जे शिकवलं, तेच त्याने केलं. बबनच्या मनगटाला कासऱ्याचे वेढे होते. तो आडवा झाला आणि रस्त्यावरून फरफटत गेला. मी मागे धावत होतो आणि ओरडत होतो, "थांब! थांब!" जितका मी ओरडे, तितका बैल जोरात पळे.

पुढून बबनचा आवाज आला, तुटका. "शेठ... गप... गप ऱ्हा!"

मी तोंडावर हात दाबला. बिबट्या कुठे आहे ते माहीत नव्हतं. माझ्या मागेही असेल. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नव्हतो आणि तेव्हाच तोंडातून हूं की चूं काढायचं नव्हतं. पाचट वाजलं. मी दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं, पण गप्प राहिलो.

खुरांचा आवाज मंदावला. बादल थांबला.

मी चाचपडत वेढे सोडवले. बबनचा खांदा निखळला होता, कातडी सोलली होती, पण हात होता. वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन आली आणि मंचरच्या दवाखान्यात खांदा बसवला. घरी गेल्यावर सिंधूवहिनींनी नवऱ्याच्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघितली.

हंगाम संपला तो डिंगोऱ्याच्या यात्रेने. खाली गर्दीत माझी जागा राखून ठेवली होती, पण मी वर गेलो, निशाणापलीकडे, बबनशेजारी. आजही जातो. तुम्ही आलात तर खालीच थांबा, खरी मजा तिथेच आहे. माझ्या घशातून आता ती आरोळी निघत नाही.

त्या दिवशी खालून गलका उठला, घोडी आली, मागून बादल आला आणि आमच्यापुढे येऊन धापा टाकत उभा राहिला. बबनने बऱ्या हाताने कासरा धरला. त्याची नजर बैलावर होती. नकळत त्याने मनगटाला एक वेढा घातला, मग दुसरा.

मी काही न बोलता ते सोडवले.