सरांचे हात

कबड्डीच्या टीमचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. मोज्यात घुसलेल्या कुसळांसारखे ते आपोआप घरी येतात. बी.पी.एड. करून पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी मुलींची टीम घेतली, तेव्हा मला इतिहास घडवायचा होता. घडले ते किस्से!

*

पहिल्याच दिवशी मी ‘नेतृत्व’ या विषयावर तासभर बोललो. फळ्यावर बाण काढले, त्रिकोण काढले. शेवटी विचारलं, “काही शंका?”

कॅप्टन रुखसार उठली. दहावीतली, टीममध्ये सगळ्यांत बुटकी, पण तिच्या पकडीतून म्हैससुद्धा सुटत नाही अशी ख्याती.

“सर, खेळायचं कवा? तास संपला.”

*

मग नियम केला : उशिरा येईल त्याने मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या. मुली डेअरीला दूध घालून सहाच्या ठोक्याला हजर! चौथ्या दिवशी भिंगारहून येताना माझीच गाडी पंक्चर. पोचलो तर सगळ्या ओळीत बसलेल्या.

“पळा सर,” रुखसार म्हणाली. “आमी मोजतो.”

सातव्या फेरीनंतर मी खाली बसलो.

“ऱ्हायलेल्या तीन उद्या!”

आणि दुसऱ्या दिवशी खरंच मारायला लावल्या.

*

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. “ही टीम दरवर्षी पहिलाच सामना हरून येते. यंदाही तेच झालं तर टीम बंद. त्या तासाला जादा गणित.”

मुलींना सांगितलं. बाकीच्या गणिताला घाबरल्या. रुखसार तेवढी नाही. जाताना म्हणाली, “माजं शेवटचं वर्ष हाय, सर. एक तरी मॅच जिंकून जायचंय.”

*

म्हणून मी खुणा शोधून काढल्या. नाकाला बोट म्हणजे बोनस घे, कपाळ पुसलं म्हणजे माघारी फिर. शेजारच्या गावाशी सरावाचा सामना लावला.

माझ्या नाकावर माशी बसली. चढाई करणारी पल्लवी बोनसला गेली आणि पकडली गेली. पुढच्या चढाईला मी घाम पुसला. ती अर्ध्यातून परतली. वैतागून मी दोन्ही हात डोक्यावर मारले. ही खूण ठरलेलीच नव्हती. सातही जणी जागच्या जागी थांबल्या!

हरलो. मी एकाग्रतेवर अर्धा तास बोललो. पल्लवी हळूच म्हणाली, “सर, निम्मे पॉइंट तुमच्या हातांनी घालवले.”

रुखसार माझ्या हातांकडे बघत बसली होती.

*

तालुक्याचा पहिला सामना. कबड्डीत अंगावर दागिना चालत नाही. रुखसारने मुलींच्या रिंगा, अंगठ्या, पैंजणं काढून माझ्या दोन्ही मुठींत कोंबली.

“मुठी उघडू नका सर. एक जरी रिंग पडली ना, तर पल्लवीची आई शाळेत यील!”

मी बाकावर बसलो. शिट्टी गळ्यात, मुठी गच्च. नाकाला खाज सुटली, सहन केली. ओरडायला उठलो की मैदानातून पल्लवीच ओरडायची, “सर, रिंगा!” मी पुन्हा खाली.

शेवटची चढाई त्यांची, आम्ही एका पॉइंटने पुढे. त्यांची उंच पोरगी आत आली आणि रुखसारने तिचा घोटा धरला. धरला तो धरलाच. जिंकलो!

मुलींनी नाचत नाचत आपापले दागिने घेतले. उजवी मूठ रिकामी झाली. डावी तशीच भरलेली.

“अगं, ही कुणाची?”

“समोरच्या टीमची,” रुखसार घाम पुसत म्हणाली. “म्हणलं, आमच्या सरांकडं द्या, नीट सांभाळत्यात. आमची एकाच मुठीत मावत हुती ना!”