बोट खाली येईपर्यंत

"बोट वर आहे तोवर ऊन काम करतंय. बोट खाली आलं की काच उचलायची."

गच्चीवर उपड्या बादलीवर, उन्हाकडे पाठ करून, एक बोट वर धरून बसलेले काका मला अजून तसेच दिसतात.

पार्ल्यात ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहायचे. फोर्टातल्या एका कचेरीत नकाशांचे निळे छापे काढायचे. ऊन लागलं की निळ्या होणाऱ्या त्या कागदाचे उरलेले तुकडे काळ्या कागदात गुंडाळून घरी आणायचे आणि रविवारी बिल्डिंगमधल्या पोरांना गच्चीवर जमवायचे. कागदावर पान, पीस, जुहूचा शिंपला, वर काच. उन्हात धरून मग पाण्यात बुडवलं की भोवती निळं आणि वस्तूच्या जागी पांढरं.

मुलांशी खेळताना मुलांपेक्षा जास्त चिडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. "केस कुणी झटकले? आता पिसाला मिशी फुटेल!"

मी कॉलेजातली, म्हणून पाण्याची परात माझ्याकडे. मी फारशी बोलत नसे. "काय गं, तुमच्या इंग्रजी कॉलेजात जीभ जमा करून घेतात काय?" असं विचारून ते उत्तराची वाट पाहायचे नाहीत. म्हणूनच मला तिथे बसायला आवडायचं.

मधूनच काका मुद्दाम डोकं पुढे करून कागदावर सावली पाडायचे. जो आधी "सावली!" ओरडेल, पुढचा कागद त्याचा. "शाबास! आमच्या साहेबाचंसुद्धा एवढं लक्ष नसतं."

त्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बेबीने पिंपळाचं पान आणलं होतं. कितीतरी दिवस पाण्यात कुजवून तिने त्याची नुसती जाळी उरवली होती.

"फाटलं तर बघा हं, काका."

"फाटलं तर माझा कान उपट."

बोट वर गेलं. थोड्याच वेळात काकांचं डोकं पुढे झुकलं आणि अर्ध्या कागदावर सावली आली.

"सावली!"

"मी आधी!"

"ए खोटारडे, मी आधी!" बेबी आणि तिच्या शेजारची शशी एकमेकींच्या वेण्या ओढू लागल्या.

बोट खाली आलं. मी काच उचलली, पान अलगद बाजूला ठेवलं, कागद परातीत सोडला. निळा रंग जेमतेम धरला. कधी नव्हे ते मी मोठ्याने बोलले, "काका, फार लवकर उचलायला लावलंत!"

शशी त्यांचा गुडघा हलवत होती. "सांगा ना काका, कोण आधी?"

ते बादलीवरून एका कुशीवर कलंडले. बादली खणखणत कठड्यापर्यंत गेली. त्या आवाजाला पोरं हसली. काका खेळतायत असंच त्यांना वाटलं. मलाही, क्षणभर.

डॉक्टर आले, नाडी पाहिली, चष्मा काढून उभे राहिले. जिन्यात बेबी माझा हात ओढत विचारत होती, "ताई, मग कागद कुणाचा?" माझ्या हातातल्या छाप्यातून पाणी गळत होतं.

बेबीने पान नेलं, छापा नेला नाही. तो माझ्याकडे आहे. एका बाजूला जाळी पुसट निळ्यात उमटली आहे. दुसऱ्या बाजूला काकांचं डोकं आलं होतं. तिथे कागद पांढराच राहिला.