पदराला लावलेला माइक

पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आईची मुलाखत घेत होते. न्हावा शेव्याला नोकरी करणारा काका माझ्या लहानपणी आमच्याकडेच राहायचा. मी शाळेतून आले की तो खोलीचं दार लावून माझ्याशी जे वागायचा, त्यावरच माझी डॉक्युमेंटरी होती.

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं गं," कॅमेऱ्यासमोर आई म्हणाली, आणि डोळे पुसून चहा टाकायला उठली. पदराला मी लावलेला माइक तसाच राहिला. माझ्या कानांवर हेडफोन होते.

स्वयंपाकघरात मावशी पोहे परतत होती. आई तिला हळूच म्हणाली, "हिला सगळं आठवतंय गं. मला वाटलं होतं, लहान आहे, विसरून जाईल."

माझं डोकं सणकलं. दर गणपतीत याच बाईने मला त्या माणसाच्या पाया पडायला लावलं होतं. मी नको म्हटलं, तर सगळ्यांसमोर मलाच उद्धट ठरवलं होतं.

आई चहा घेऊन आली. "झालं ना एकदाचं तुझं शूटिंग?"

"नाही. बस."

मी रेकॉर्डिंग तिच्या स्वयंपाकघरातल्या बोलण्यापर्यंत मागे नेलं आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

"हे ऐक. आणि आता तू विसरून दाखव."